रचलं दोन मुलांच्या आईनं

आवाबाई म्हटलं की मुंबईकर वाचकाच्या डोळ्यांसमोर पारशी कॉलनीतली, गारा साडी नेसून गॅलरीत बसलेली म्हातारी उभी राहील. ही आवा ती नव्हे. ही डॅन्यूबच्या खोऱ्यातली, आजच्या लोअर ऑस्ट्रियातली, बाराव्या शतकाच्या सुरुवातीची. जर्मन भाषेत लिहिणाऱ्या ज्या बायकांची नावं आपल्यापर्यंत पोचली, त्यांत ती सगळ्यांत आधीची. तिकडे तिला ‘फ्राउ आवा’ म्हणतात, म्हणजे आवाबाईच. २०२७ च्या फेब्रुवारीत तिच्या मृत्यूला ९०० वर्षं होतील. तेव्हा ‘पहिली जर्मन कवयित्री’ असे फलक लागतील, भाषणं होतील, आणि प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरल्यासारखं येईल: ‘अर्थात, तिला तिच्या मुलांची मदत होती.’ मला या ‘अर्थात’विषयी बोलायचं आहे.

आधी पुरावा काय आहे ते पाहू, कारण तो मूठभरच आहे. मेल्कच्या बेनेडिक्टाइन मठातल्या साधूंनी वर्षवार नोंदी ठेवल्या होत्या. ११२७ सालाखाली तिथे तीन लॅटिन शब्द आहेत: ‘आवा इंक्लूझा ओबीत’. आवा, कोंडून घेतलेली, वारली. आसपासच्या आणखी काही मठांनीही आपल्या मृत्युनोंदींत तिचं नाव लिहिलं. त्यावरून कळतं की ही बाई पंचक्रोशीत मान असलेली होती. कवितेच्या पुस्तकातली आवा आणि ही मृत्युनोंदीतली आवा एकच, हे काळ, प्रदेश आणि नाव जुळतात म्हणून मानलं जातं. मलाही ते पटतं. क्रेम्स गावासमोरच्या टेकडीवर ग्योटवाइगचा मठ आहे. पासाउचा बिशप आल्टमान यानं तो १०८३ मध्ये स्थापला. टेकडीच्या पायथ्याशी क्लाइनवीन नावाच्या वस्तीत एक जुना बुरूज आहे, त्याला लोक ‘आवाचा बुरूज’ म्हणतात. लोकांनी म्हटलं म्हणजे ती तिथेच राहिली असं सिद्ध होत नाही, पण गावाला तिची आठवण बाळगावीशी वाटते एवढं खरं.

‘इंक्लूझा’ या शब्दावर थोडं थांबायला हवं, कारण आवाबद्दलचे निम्मे गैरसमज तिथून निघतात. चर्चच्या भिंतीला लागून एक खोली. त्या खोलीत बाई (कधी पुरुषही) स्वतःहून शिरणार आणि जन्मभर बाहेर येणार नाही. प्रवेशाच्या वेळी पुष्कळ ठिकाणी मृतांसाठीच्या प्रार्थना म्हणत, जणू ही व्यक्ती जगाला मेली. एक खिडकी चर्चच्या आत उघडणारी, मिस्सा ऐकायला. दुसरी बाहेर, जेवण आत घ्यायला आणि आलेल्या माणसाशी बोलायला. आजच्या वाचकाला हे ऐकताच घुसमटायला होतं आणि त्याच्या मनात ‘भिंतीत गाडलेली अबला’ उभी राहते. आपल्याकडे ताटी लावून बसले ते ज्ञानदेव, आणि ‘ताटी उघडा’ म्हणत बाहेर उभी होती ती धाकटी बहीण, हे आठवलं तरी दार लावण्याचे अर्थ किती वेगवेगळे असू शकतात हे लक्षात येईल.

शिवाय त्या खोलीत काय चालायचं तेही पाहा. बव्हेरियात वेसोब्रुनच्या मठाला लागून डीमूट नावाची अशीच एक एकांतवासिनी राहत होती, आवाच्याच काळातली. तिनं आपल्या हातानं उतरवलेल्या पोथ्यांची यादी शिल्लक आहे. त्या यादीत सुमारे पंचेचाळीस पुस्तकं आहेत. तिनं लिहिलेल्या एका बायबलच्या बदल्यात मठाला जमीन मिळाल्याची नोंदही तिथे आहे. त्याआधी, दहाव्या शतकात, सांक्ट गालेनच्या मठाजवळ कोंडून घेतलेली विबोराडा. ९२६ मध्ये हंगेरियन टोळ्या चाल करून येणार असं तिनं मठाधिपतीला बजावलं आणि आधी पुस्तकं हलवा म्हणून सांगितलं. पुस्तकं राइखेनाउला गेली, वाचली. ती स्वतः खोली सोडायला तयार झाली नाही आणि मारली गेली. १०४७ मध्ये तिला संतपद मिळालं; पोपनं रीतसर संत म्हणून जाहीर केलेली ती पहिली स्त्री. ग्रंथालयवाले आजही तिला आपली संत मानतात. तेव्हा ही खोली तुरुंगच होती असं म्हणणं मला घाईचं वाटतं, आणि ती स्वातंत्र्याची जागा होती असं म्हणणं त्याहून घाईचं. तिथे काम होत होतं, एवढं म्हणूया.

आता आवाचं काम. बायबलच्या आधारावर रचलेली तिची काव्यं आहेत: बाप्तिस्मा करणारा योहान, येशूचं चरित्र, ख्रिस्तविरोधक (जगाच्या अंताआधी येणारा ख्रिस्ताचा शत्रू) आणि शेवटचा न्याय. सगळं मिळून ३३०० च्या वर ओळी. त्यांतल्या दोन हजारांहून जास्त एकट्या येशूचरित्राच्या. यमकं दोनदोन ओळींची, ती कधी पक्की जुळतात, कधी नुसते स्वर जुळवून भागवतात; ओळींची लांबीही मनाला येईल तशी. ज्यांना घोटीव छंद हवा त्यांना ती ओबडधोबड वाटेल. योजना मात्र पक्की आहे. योहानाच्या जन्मापासून ती निघते आणि जगबुडीपूर्वीच्या पंधरा दिवसांच्या पंधरा खुणा मोजत न्यायाच्या दिवसापर्यंत जाते. लॅटिन न येणाऱ्या माणसाला देवाच्या कारभाराची सुरुवात आणि शेवट त्याच्या भाषेत सांगायचा, हे तिनं आखून घेतलेलं आहे. चर्चमध्ये वर्षभर जे उतारे वाचले जात, त्यांचा माग येशूचरित्रात बराच लागतो. कान देऊन ऐकणाऱ्या बाईचं हे पुस्तक आहे.

शेवटच्या न्यायाचं काव्य संपलं की काही ओळी येतात. त्या मी मराठीत साध्या गद्यात देते:

‘हे पुस्तक रचलं दोन मुलांच्या आईनं. त्यांनी तिला यातला अर्थ सांगितला. त्या तिघांत मोठा आनंद होता. आईला मुलं लाडकी होती. त्यांतला एक या जगातून गेला. आता मी तुम्हा सगळ्यांना, लहानथोरांना विनवते: जो कुणी हे पुस्तक वाचेल त्यानं त्याच्या आत्म्यासाठी कृपा मागावी. आणि जो एक अजून आहे, कष्टांत झटतो आहे, त्याच्यासाठी कृपा मागा, आणि आईसाठीही. ती म्हणजे आवा.’

नाव अगदी शेवटी. अख्ख्या पुस्तकाचा शेवटचा शब्द ‘आवा’.

मराठी वाचकाला ही जागा ओळखीची आहे. ‘नामयाची दासी जनी’, ‘चोख्याची महारी’. आपण कुणाच्या हे आधी, मग आपण. आवाही आधी आई आहे, मग आवा. पण जनी किंवा सोयराबाईच्या मुद्रिकेपेक्षा इथे एक गोष्ट वेगळी आहे: ज्यांच्या नात्यानं ती स्वतःला ओळखवते त्या मुलांना नावंच नाहीत. त्या सगळ्या ओळींत विशेषनाव एकच, तिचं.

आता या ओळींतलं पहिलं वाक्य बघा. क्रियापद आहे ‘दिहतोते’. आजच्या जर्मनमधल्या ‘डिख्टेन’चा, म्हणजे काव्य करण्याचा, हा पूर्वज, मूळ लॅटिन ‘दिक्तारे’, तोंडानं सांगून लिहवून घेणे. कर्ता कोण? दोन मुलांची आई. व्याकरणात कुठेही फट नाही. मराठीत तर ‘आईनं’तला ‘नं’ कर्त्याला घट्ट बांधूनच ठेवतो. दुसऱ्या वाक्यात मुलं येतात आणि त्यांनी काय केलं तेही तिथे स्पष्ट आहे: अर्थ सांगितला. लॅटिन भाष्यांमध्ये एखाद्या प्रसंगाचा गूढार्थ काय दिला आहे, ख्रिस्तविरोधक किती काळ राज्य करणार, असलं काहीतरी. म्हणजे मुलं धर्मशिक्षण घेतलेली असणार, बहुधा दीक्षित.

एवढ्या दुसऱ्या वाक्यानं पहिल्या वाक्याला केव्हाच गिळून टाकलं. १८४९ मध्ये योझेफ डीमर या ऑस्ट्रियन अभ्यासकानं फोराउच्या मठातली हस्तलिखितं छापून आवाला वाचकांपुढे आणलं. हे त्याचे उपकारच. पण लगेच त्याला मुलांचा शोध लागला! मृत्यूवर जळजळीत काव्य लिहिणारा हाइनरिख फॉन मेल्क हा आवाचा एक मुलगा आणि हार्टमान नावाचा दुसरा कवी हा दुसरा मुलगा, असं त्यानं जुळवलं. पुढच्या संशोधकांनी ते फेटाळलं, कारण त्याला आधार नव्हता. मला गंमत वाटते ती या शोधाच्या दिशेची. हातात सही केलेलं पुस्तक आहे, सही करणारी बाई आहे, आणि तरी माणूस विचारतो, ‘मुलं कोण होती?’ एखाद्या घरी जावं, बाईनं चहा पुढे करावा आणि पाहुण्यानं म्हणावं, ‘वा, साहेब काय करतात?’

मुलांचा उल्लेख करू नये असं माझं म्हणणं नाही. तो तिनंच केला आहे, आनंदानं केला आहे. माझी तक्रार मोजमापाबद्दल आहे. मदत घेणं ही जर लेखकपण कमी करणारी गोष्ट असेल तर ती सगळ्यांचंच कमी करू दे.

त्याच फोराउच्या पोथीत, आवाच्या काव्यांनंतर, जर्मन भाग संपल्यावर, सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाच्या पराक्रमाची लॅटिन बखर आहे. लेखक कोण? फ्रायझिंगचा बिशप ओटो, सम्राटाचा सावत्र काका. ओटो ११५८ मध्ये वारला तेव्हा चारांपैकी दोनच भाग झाले होते. पुढचे दोन राहेविननं लिहिले, जो ओटोचा लेखनिक होता, त्याच्या तोंडून उतरवून घेणारा. निम्मा ग्रंथ लेखनिकाचा असूनही ‘ओटोला अर्थात राहेविनची मदत होती’ अशी सुरुवात कुणी करत नाही. ओटोचा ग्रंथ राहेविननं पुढे नेला, असंच म्हणतात. मध्ययुगातला थोर धर्मपंडित थॉमस अक्विनस एका वेळी अनेक लेखनिकांना मजकूर सांगत असे, आणि त्याचं स्वतःचं अक्षर इतकं वाईट की ते वाचणं हे स्वतंत्र शास्त्रच झालं. त्यावरून त्याची थोरवी वाढली. इतकी माणसं राबवणारा मेंदू केवढा, म्हणून!

आपल्या घरचं उदाहरण तर तोंडपाठ आहे. शके १२१२, ‘सच्चिदानंदबाबा आदरें लेखकु जाहला’. ज्ञानेश्वरीच्या शेवटीच हे सांगितलेलं आहे, आवाच्या ओळी जिथे आहेत त्याच जागी. म्हणून कुणी ज्ञानेश्वरीचं श्रेय सच्चिदानंदबाबांशी वाटून घेतलं का? तुकोबांचे अभंग उतरवून घेणारे संताजी जगनाडे आणि गंगाराम मवाळ हे आपल्याला आदरणीय आहेत, पण ते तुकोबांचं माप कमी करत नाहीत. आणि जनाबाईचे अभंग उतरवायला परंपरेनं कुणाला बसवलं? खुद्द पांडुरंगाला. कथा गोड आहे, मला आवडते. तरी देवाला लेखणी घेऊन बसवल्याशिवाय दासीच्या कवितेची सोय लागेना, हेही त्या कथेत वाचता येतंच.

जर्मन प्रदेशात आवाच्या आधीची ह्रोट्सविट घ्या. दहाव्या शतकात गांडर्सहाइमच्या धर्मपीठात राहणारी, लॅटिनमध्ये सहा नाटकं लिहिणारी. आपल्याला रिक्कार्डिस या बाईनं आणि नंतर मठाध्यक्षा गेर्बर्गानं शिकवलं, असं तिनं प्रस्तावनेत लिहिलं. गेर्बर्गा वयानं तिच्यापेक्षा लहान होती, हेही ती सांगते. विद्वानांना लिहिलेल्या पत्रात ती म्हणते की तत्त्वज्ञानाच्या वस्त्रातून फाटलेले चारदोन धागे माझ्या हाती लागले, ते मी माझ्या कामात विणले. हा विनय आहे, आणि त्यात मिस्कीलपणाही आहे, कारण हीच बाई स्वतःला ‘गांडर्सहाइमची बुलंद आरोळी’ म्हणवून घेते. पंधराव्या शतकाच्या शेवटी कोन्राड त्सेल्टिस या पंडिताला रेगेन्सबुर्गच्या मठात तिची पोथी सापडली. १५०१ मध्ये त्यानं ती छापली. आणि १८६७ मध्ये योझेफ आशबाख या इतिहासकारानं जाहीर केलं की ह्रोट्सविट वगैरे कुणी नव्हतीच. त्सेल्टिस आणि त्याच्या मित्रांनी मिळून ही नाटकं रचली आणि एका मठवासिनीच्या नावावर खपवली. दहाव्या शतकातली बाई असं लिहील कशी! मूळ पोथी म्युनिकला सुखरूप होती. तिचं अक्षरवळण शतकानुशतकं जुनं होतं हे तज्ज्ञांना दिसत होतं, म्हणून आरोप टिकला नाही. पोथी हरवली असती तर?

हिल्डेगार्डचं तेच. बाराव्या शतकात ग्रंथ लिहिणाऱ्या बिंगेनच्या या मठाध्यक्षेला आज चर्चनं आचार्यपद दिलं आहे (२०१२ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर आठशे तेहतीस वर्षांनी). तिचा लेखनिक फोल्मार तिचं लॅटिन व्याकरण तपासायचा. तिच्या ग्रंथातल्या चित्रात ती मेणाच्या पाटीवर लिहिते आहे आणि फोल्मार बाजूनं डोकं आत घालून पाहतो आहे. चित्रकारालाही कोण लिहितं आणि कोण बघतं हे नेमकं कळलं होतं. तरी तिचं लेखन तिचंच आहे हे सिद्ध करायला १९५६ मध्ये दोन जोगिणींना एक अख्खं पुस्तक लिहावं लागलं.

या बायकांमध्ये एक गोष्ट समान आहे आणि माझ्या मते तीच त्यांच्या अंगावर आली: त्यांनी ऋणनिर्देश केला. ज्यानं कर्जाची नोंद ठेवली त्यालाच आपण कर्जबाजारी ठरवतो आणि ज्यानं वहीच ठेवली नाही त्याला सावकार समजतो.

आवाच्या बाबतीत मुलांचा वाटा किती आणि तिचा किती, हे ठरवायला दुसरा एक मार्ग आहे. तो म्हणजे कविता वाचणे. येशूला क्रुसावर चढवल्यानंतरच्या भागात निवेदन अचानक थांबतं आणि कवयित्री गोष्टीतल्या माणसांशी बोलायला लागते. मग्दालेनेच्या मरियेला ती हाक मारते: अगं, तुझा स्वामी लटकलेला, रक्त गळतंय, त्याच्या अंगावरच्या जखमा तुला दिसताहेत, तू तिथे उभी तरी कशी राहिलीस? मग अरिमथाईच्या योसेफाकडे वळते, जो प्रेत खाली उतरवतो आहे. ती म्हणते: मी तेव्हा जिवंत असते ना, तर तुला चिकटूनच राहिले असते, माझ्या लाडक्या स्वामीला मूठमाती देईपर्यंत.

‘चिकटून’. मूळ शब्दही तसाच आहे, घरगुती, गोंदासारखा. कोणत्या लॅटिन भाष्यातून मुलांनी हा शब्द आणून दिला असेल? अर्थ ते सांगू शकले असतील: योसेफ कोण, थडगं कुणाचं, भाकितं कोणती पुरी झाली. पण प्रेत उतरवण्याच्या प्रसंगात मला हात लावू द्या म्हणणारी ही ‘मी’ शिकवणीतून येत नाही. जिनं आपला एक मुलगा मातीआड जाताना पाहिला तिची ही ओळ असू शकते. असेलच असं मी म्हणत नाही. कोणती ओळ आधी झाली आणि कोणता मृत्यू, याचा हिशोब लावता येत नाही. शेवटच्या त्या ओळी मात्र वाचून या प्रसंगाकडे परत आलं की तो पहिल्यासारखा राहत नाही.

यावर एक जाणता आक्षेप येतो, आणि तो मला टाळायचा नाही. मध्ययुगात ‘लेखक’ ही आजच्यासारखी गोष्टच नव्हती. बहुतेक पुस्तकं निनावी; रचना म्हणजे ऐकलेलं, वाचलेलं, सांगितलेलं एकत्र करणं. आवानं नाव दिलं ते श्रेयासाठी नाहीच, प्रार्थनेसाठी. कृपा मागायची तर कुणासाठी हे वाचणाऱ्याला कळायला नको का? तेव्हा तिच्यावर आजचा कॉपीराइट लादू नका, असं म्हणणारे म्हणतात.

यातला दुसरा भाग मला पूर्ण मान्य आहे. ते नाव म्हणजे दारावरची पाटी नसून पत्ता आहे. प्रार्थना कुठे पाठवायची त्याचा. पण म्हणूनच तिच्या शब्दाला जास्त किंमत द्यायला हवी. न्यायाच्या दिवसावर काव्य लिहून संपवलेली, त्या दिवसावर खरोखर विश्वास असलेली बाई, मृत मुलाच्या आत्म्यासाठी लोकांना विनवत असताना पहिल्याच वाक्यात खोटं कशाला बोलेल? मुलांनी रचलं असतं तर ‘मुलांनी रचलं’ असं लिहिण्यात त्या मुलाच्या आत्म्याचा फायदाच होता. जास्त पुण्य, जास्त प्रार्थना. तिनं तसं लिहिलं नाही. तिनं कामाची वाटणी केली तशी सांगितली.

आणि सामूहिक निर्मितीचं म्हणाल तर ते तत्त्व मलाही प्रिय आहे, फक्त ते बाईचं नाव दिसलं की जागं होतं आणि बिशपचं नाव दिसलं की झोपतं, हे बरं नाही. ओटो एकटा, अक्विनस एकटा, आवा मात्र ‘एका सुशिक्षित कौटुंबिक वर्तुळाचा आवाज’.

हे फक्त बाराव्या शतकाचं दुखणं असतं तर मी एवढी शाई घातली नसती. काही वर्षांपूर्वी एका पुस्तकप्रकाशनाला गेले होते. लेखिका साठीतली, विषय गावाकडच्या पाणीवाटपाचा, वीस वर्षांची पायपीट. मनोगतात तिनं नवऱ्याचे आभार मानले: आकडेमोड त्यांनी तपासून दिली. कार्यक्रम संपला आणि लोक उठले ते थेट नवऱ्याकडे. ‘तुमचा अभ्यास दिसतो हो पुस्तकात.’ तो बिचारा ‘नाही हो, नाही हो’ म्हणत होता, आणि त्याचं ते नाही नाही म्हणजे त्याचा विनय ठरत होता. उलट बाजूही आपण रोज बघतो. कितीतरी थोर मराठी पुस्तकांच्या मुद्रणप्रती घरातल्या बाईनं स्वच्छ अक्षरात उतरवल्या, संदर्भ शोधले, सूची केली. प्रस्तावनेत एका ओळीत तिचा उल्लेख ‘हिच्या सोशिकपणाशिवाय’ असा. सोशिकपणा! सूचीला सोशिकपणा म्हणायचं आणि आकडेमोडीला अभ्यास.

म्हणून नोंद करणाऱ्यांनी, म्हणजे सूचीकारांनी, अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनी, विश्वकोशातल्या नोंदी तपासणाऱ्यांनी एक साधी शिस्त पाळावी असं मला वाटतं. ज्या वाक्यात बाईच्या मदतनिसांचा उल्लेख करायचा आहे ते वाक्य आधी त्याच काळातल्या, त्याच प्रकारच्या पुरुष लेखकाच्या नोंदीत घालून बघावं. तिथे ते हास्यास्पद वाटलं तर इथेही ते पहिल्या परिच्छेदात नको. खाली, तपशिलात, त्याच्या जागी जाऊ दे. आवाची मुलं तिथे छान शोभतील. याचा उलटा परिणामही व्हावा: ओटोच्या नोंदीत राहेविन आणखी वर यावा. त्यानं निम्मा ग्रंथ लिहिला, कुणीतरी त्याचंही बघायला हवं.

आवाचा मजकूर दोन हस्तलिखितांतून आला. फोराउची पोथी बाराव्या शतकाच्या अखेरची. ती स्टायरियातल्या त्या मठात आजही आहे. दुसरी चौदाव्या शतकातली, ग्यॉर्लिट्स शहरात होती. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत ती नाहीशी झाली. आधी छापून ठेवली होती म्हणून आपल्याला मजकूर मिळतो. योहानाचं काव्य फक्त या हरवलेल्या पोथीत होतं. पण शेवटच्या त्या ओळी, दोन मुलं, आई, नाव, त्या ग्यॉर्लिट्सच्या पोथीत नव्हत्या. त्या केवळ फोराउला आहेत. म्हणजे नशीब उलटं फिरून फोराउची पोथी गेली असती आणि ग्यॉर्लिट्सची उरली असती, तर हीच काव्यं आज आपण कुणा अज्ञात पाद्र्याची म्हणून वाचत असतो, आणि कुणालाही शंका आली नसती.

योहानाच्या जन्माच्या कथेत, लूकच्या शुभवर्तमानात, एक प्रसंग आहे. बाळाचं नाव ठेवायला नातलग जमतात आणि बापाचंच नाव ठेवायचं म्हणतात. आई अलिशिबा सांगते, नाही, याचं नाव योहान. कुणी ऐकत नाही. बाप जखऱ्या मुका झालेला. त्याला खुणा करून विचारतात. तो पाटी मागून लिहितो: याचं नाव योहान आहे. मग सगळे आश्चर्य करतात. आवानं आपल्या काव्यमालेची सुरुवात याच घरापासून केली आहे.

२०२७ मध्ये क्लाइनवीनच्या त्या बुरुजापाशी कुणी जमलंच तर भाषणांऐवजी त्या शेवटच्या ओळी मोठ्यानं वाचाव्यात, मुलांसकट. तिनं वाचणाऱ्यांकडून तेवढंच मागितलं होतं. मी काही भाविक नाही, पण पुस्तक वाचलं आहे, त्यामुळे तिच्या विनवणीच्या हिशोबात मीही येते. गेलेल्यासाठी काहीतरी मागावं म्हटलं तर त्याचं नाव माहीत नाही. तो थोरला होता की धाकटा, तेही तिनं लिहिलेलं नाही.